उंचीच तर मोजायची, कुठलाही लेझर चालतो? नाही चालत

ड्रोन जुळवणाऱ्यांच्या आणि पायलटांच्या ग्रुपांवर सध्या लेझर अल्टिमीटरबद्दल, म्हणजे खाली लेझरचा उजेड सोडून ड्रोनची उंची मोजणाऱ्या सेन्सरबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: "बॅरोमीटर आणि जीपीएस असताना सरकारी ड्रोनला लेझर अल्टिमीटर लावणं म्हणजे टेंडर फुगवणं. लावायचाच तर डेटाशीटवर रेंज बघा आणि सगळ्यात स्वस्त घ्या, आत सगळे सारखेच. त्याला ना इंटरनेट ना मेमरी, चिनी असला तरी चोरणार काय? फारच भीती वाटत असेल तर एनडीएए कंप्लायंट लिहिलेला घ्या, विषय संपला." (एनडीएए हा अमेरिकेचा कायदा, त्याबद्दल पुढे.)

मी गेली काही वर्षं फवारणीचे ड्रोन जुळवतो. हा मेसेज वाचून खरेदी करणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बॅरोमीटर आणि जीपीएस. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीच्या आसपास एक मीटर वर गेलं की दाब साधारण 12 पास्कलने उतरतो, एवढ्याशा फरकावर सगळा हिशोब. आपल्याकडे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब नुसता दिवस चढल्यामुळे 3-4 हेक्टोपास्कलने, म्हणजे 300-400 पास्कलने, खाली येतो. दहा मिनिटांच्या उड्डाणात त्यामुळे उंचीत अर्धा-पाऊण मीटरची चूक सहज घुसते, वर पंख्यांचा वारा आणि झुळुका आहेतच. पण खरी अडचण या मोजण्यातल्या चुकीची नाहीच. बॅरोमीटर उड्डाण जिथून केलं तिथपासूनची उंची सांगतो, जीपीएस पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. पायाखालचा बांध, उतार, उभा ऊस यांतलं काहीच दोघांना माहीत नसतं. आरटीके (जमिनीवरच्या स्थानकाकडून दुरुस्ती घेऊन जीपीएस अचूक करायची पद्धत) लावून जीपीएस सेंटिमीटरपर्यंत नेला तरी पिकाचा शेंडा त्याला दिसत नाही. फवारणी पिकावर दोन-तीन मीटरवरून करायची असते. मीटरभर वर गेलात तर औषध वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत, मीटरभर खाली आलात तर पंखा तुऱ्यात.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची मान्य. स्वामित्व योजनेत गावठाणाचं मोजमाप शंभर-सव्वाशे मीटरवरून होतं. तिथे 12 मीटर पल्ल्याचा सेन्सर उतरताना सोडला तर काही कामाचा नाही. गरज कामावर ठरते. सरसकट हवाच म्हणणं चूक, तसं सरसकट नकोच म्हणणंही चूक.

आता डेटाशीट, म्हणजे कंपनीने सेन्सरसोबत दिलेला माहितीचा कागद. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि ड्रोन इथेच जातात. सेन्सर उजेडाचा ठोका सोडतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. एक नॅनोसेकंद म्हणजे 15 सेंटिमीटर. ठोका परत आलाच नाही तर मोजायला काही उरत नाही. डेटाशीटवर ठळक छापलेला पल्ला बहुतेक वेळा 90 टक्के उजेड परत फेकणाऱ्या पांढऱ्या फळ्यावरचा, तोही बंद खोलीतला असतो. पृष्ठ 10 टक्केच उजेड परत फेकणारं असेल, म्हणजे परत येणारा उजेड नववा हिस्सा झाला, की पल्ला तिसऱ्या हिश्शावर येतो. एप्रिलच्या दुपारी सूर्य त्याच सेन्सरच्या डोळ्यात लाखभर लक्स ओततो, तेव्हा आणखी कमी.

आम्ही एकदा दोन कंपन्यांचे सेन्सर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून शेजारी-शेजारी बांधून खाली रोखले. खाली काळं रान. टेपने अंतर 11 मीटर 40. कोरड्या ढेकळांवर दोन्ही बरोबर बोलले. मग खाली पोराने चार बादल्या पाणी ओतलं. एक सेन्सर दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे करत 11.40 वरच राहिला. दुसऱ्याने मध्येच 0 दाखवलं, मग 11.38, मग पुन्हा 0. दोघांच्याही डेटाशीटवर पल्ला 12 मीटरच्या वर होता.

तो 0 फार महत्त्वाचा. ठोका परत आला नाही तर काही सेन्सर 0 पाठवतात, काही कमाल आकडा पाठवतात, काही आधीचाच आकडा पुन्हा पाठवतात. फ्लाइट कंट्रोलरला (ड्रोन चालवणाऱ्या आतल्या संगणकाला) ते नीट समजावलेलं नसेल तर 0 म्हणजे "जमिनीला टेकलो" असा अर्थ निघू शकतो. शेततळ्यावर, स्वतःच्याच नोझलच्या तुषारांत, धुळीत हे रोज घडतं. 2023 च्या एप्रिलमध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचं यान चंद्रावर उतरताना एका विवराच्या काठावरून पुढे गेलं. खाली जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खोल गेली, उंचीचा आकडा उडी मारून वाढला. मोजमाप बरोबर होतं. सॉफ्टवेअरने सेन्सर बिघडला असं धरून ते टाकून दिलं. यान पाचेक किलोमीटर वर असतानाच आपण जमिनीजवळ आहोत असं समजत राहिलं, इंधन संपलं आणि कोसळलं. आपल्याकडे विवर नाही, विहीर आहे. बिनकठड्याच्या विहिरीवरून जाताना आकडा 3 वरून 12 वर जातो, आणि त्याचं काय करायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर ड्रोन आत डोकावतो.

"चोरणार काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं: एका बिंदूचं अंतर मोजणारा सेन्सर दोन तारांवर आकडे पाठवतो, तो नकाशे चोरून नेऊ शकत नाही. पण त्या आकड्यावर थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा जोर, कमी-जास्त होतो. माझी भीती चोरीची नाही, खोट्या आकड्याची आहे. सेन्सरच्या आत फर्मवेअर, म्हणजे त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, असतं आणि ते बदलतं. आम्ही एकाच मॉडेलचे दोन लॉट मागवले होते. दुसऱ्या लॉटमध्ये फर्मवेअर वेगळं निघालं, जवळात जवळ मोजायचं अंतर बदललेलं होतं. विक्रेत्याकडे त्याची नोंदही नव्हती.

दुसरं म्हणजे पुरवठा. 2023 च्या 1 सप्टेंबरपासून चीनने ड्रोनची काही इंजिनं, काही लेझर आणि दळणवळणाची उपकरणं निर्यात-नियंत्रणाखाली घेतली. ज्या देशाच्या एका आदेशाने तुमचे सुटे भाग अडतात, त्याच्यावर सरकारी ताफा उभा करायचा का, हा प्रश्न चोरीपेक्षा मोठा आहे. भारताने 9 फेब्रुवारी 2022 ला परदेशी ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग नकोत हे 2023 मध्ये ठरलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 400 ड्रोनचे करार याच कारणाने रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. नागरी खरेदीत देशी मालाची अट किमतीच्या टक्क्यांवर चालते, पहिल्या वर्गाच्या पुरवठादारासाठी 50 टक्के. लाखांच्या ड्रोनमध्ये काही हजारांचा सेन्सर त्या टक्केवारीत दिसतच नाही.

राहिला एनडीएएचा शिक्का. तो अमेरिकेचा संरक्षण खर्चाचा वार्षिक कायदा. 2019 च्या डिसेंबरात आलेल्या कलम 848 मध्ये फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, डेटा पाठवणारी उपकरणं, कॅमेरे, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी जोडणी) अशी नावं आहेत. लेझर अल्टिमीटरचं नाव नाही. लिडारसाठी, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या उपकरणांसाठी, वेगळं कलम 2024 च्या डिसेंबरात आलं. खोक्यावरचा "कंप्लायंट" हा शब्द बऱ्याचदा विक्रेत्याचं स्वतःचं म्हणणं असतं. शिवाय तो कायदा माल कुणाचा हे विचारतो, ओल्या काळ्या रानावर चालतो का हे विचारत नाही.

किंमत आणि शिक्का याबाबत मला एकच उदाहरण पुरतं. मंगळावर 2021 ते 2024 या काळात 72 उड्डाणं केलेल्या नासाच्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरला गार्मिनचा बाजारात मिळणारा लिडार-लाइट लावला होता. छंदवाले घेतात तोच. नासाने तो मंगळासारख्या विरळ हवेत आणि थंडीत तपासून मगच बसवला. विश्वास तिथून आला.

म्हणून निविदेत "लेझर अल्टिमीटर, किमान 50 मीटर" एवढं लिहून भागत नाही. भर उन्हात, 10 टक्के उजेड परत फेकणाऱ्या पृष्ठावर पल्ला किती, हे लिहून मागा. आतला लेझर आणि चिप कुठली, जोडणी कुठे झाली, फर्मवेअरची आवृत्ती कोणती, ती बदलली तर कळवणार कोण, हेही मागा. आणि निवड करण्यापूर्वी दोन नमुने घेऊन आपल्याच तालुक्यात, ओल्या रानावर, शेततळ्यावर आणि उसावर अर्धा दिवस उडवा. त्या अर्ध्या दिवसाचा खर्च एका पडलेल्या ड्रोनच्या पंख्यांइतकाही येत नाही.

पुढच्या निविदेच्या प्री-बिड (बोली लावण्याआधीच्या) बैठकीत मी सगळ्या कंपन्यांना एक प्रश्न लेखी देणार आहे: ठोका परत आला नाही, तर तुमचा सेन्सर नेमका कोणता आकडा पाठवतो?