सात खणांची डबी

रक्ततपासणीत माझं व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली. प्रकरण तिथंच मिटायचं. पण मला तब्येतीबद्दल वाचायची खोड, आणि ही खोड असलेल्या माणसाला आपल्यात काय काय कमी आहे हे कळायला रक्त द्यावं लागत नाही. दोन महिन्यांत कॅल्शियम आलं, लोह आलं, बी-कॉम्प्लेक्स आलं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या आणि केसांसाठी बायोटिन आलं. (केस त्याआधीच गेले होते. पण आशा.)

बाटल्या आणणं सोपं, गोळ्या घेणं हा पूर्णवेळ धंदा. लोह उपाशीपोटी चांगलं शोषलं जातं आणि त्याच्या आसपास चहा चालत नाही. इथंच माझी सकाळ गेली, कारण चहाशिवाय मी उठतो, जागा होत नाही. लोह आणि कॅल्शियम यांचं आपसांत पटत नाही, त्यांना पोटात एकाच वेळी सोडायचं नाही. माझं कॅल्शियम कार्बोनेटवालं, ते जेवणासोबतच. ‘डी’ला बरोबर थोडं स्निग्ध लागतं. ‘सी’ असेल तर लोहाची कळी खुलते. कोणत्या नातेवाइकाला कोणाशेजारी बसवायचं नाही याचा हिशेब आमची आई तोंडी ठेवायची. मला तक्ता करून फ्रिजवर लावावा लागला.

मग सोमवार ते रविवार अशी सात खणांची डबी घेतली. एका मंगळवारी रात्री पाहतो तर मंगळवारचा खण रिकामा. आता गोळ्या घेतल्या म्हणून रिकामा, की भरायच्याच राहिल्या म्हणून? मी बराच वेळ त्या खणाकडे बघत उभा. बायको म्हणाली, “अहो, स्मरणशक्तीसाठी काही मिळतं का तेही बघा.”

बी-कॉम्प्लेक्सच्या पहिल्याच दिवशी बाथरूममधून मी घाबराघुबरा बाहेर आलो. असला झगझगीत पिवळा रंग मी फक्त रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटावर पाहिला होता. नंतर वाचलं, की हा बी-२चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा स्वतःचा रंग. ते पाण्यात विरघळतं आणि जास्तीचं झालेलं निमूट बाहेर पडतं. थोडक्यात, बाटलीतला बराचसा माल मी फक्त इकडून तिकडे पोचवत होतो. ए, डी, ई आणि के मात्र चरबीत विरघळणारे, ते अंगात मुक्काम ठोकतात. ‘डी’ फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूतखड्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्याच बैठकीत आणखी एक कळलं: ‘बी’च्या यादीत ४, ८, १० आणि ११ नाहीत. ही जीवनसत्त्वं नव्हेतच असं ठरल्यावर त्यांची नावं कमी केली म्हणे. मला त्या चौघांबद्दल उगाच आपुलकी वाटली.

माशाच्या तेलाच्या ढेकरांनी मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये लांबची खुर्ची मिळवून दिली, ते जाऊ दे.

खरा घोळ वार्षिक तपासणीत झाला. रिपोर्टमध्ये टीएसएच तळाला, टी-४ वर. थायरॉइड वाढलेला! वाचताक्षणी माझी छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. लक्षणंही जुळली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्या टकलाकडे पाहिलं.

“केसांसाठी काही घेता का?”

“बायोटिन.”

“पुरे. त्यानं कित्येक रक्तचाचण्या फसतात. काही दिवस बंद ठेवा, मग पुन्हा तपासू.”

पुन्हा तपासलं, सगळं जागच्या जागी. दोन महिन्यांत बायोटिननं माझ्यावर दाखवलेला एकमेव परिणाम तो, आणि तोही कागदावर.

मग डॉक्टरांनी डबीच मागवली. “गरोदरपणात फॉलिक ॲसिड लागतं. मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीच न खाणाऱ्याला बी-१२ लागतं. तुम्ही दोन्हींत बसत नाही.” लोहाची तपासणी व्यवस्थित होती, कॅल्शियम जेवणातून मिळत होतं. उरली ती मूळची रविवारची गोळी.

डबीचे सहा खण आता बायकोकडे गेलेत. त्यात सुटी बटणं असतात. रविवारचा तेवढा माझा. गेल्या रविवारी चष्मा न लावताच अंदाजानं एक खण उघडला, गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात जिभेला चार भोकं लागली.