पायाळू पाहिजे

उसण भरायला निमित्त लागतं, कारण लागत नाही. आणि निमित्त कधीच इभ्रतीचं नसतं. आखाड्यात पट काढताना भरली, वरातीत नवरदेवाला खांद्यावर घेताना भरली, तर चारचौघांत सांगायला तरी बरं. पण ती भरते बेसिनवर चूळ भरायला वाकल्यावर. मोजा चढवताना. कुकरची ओट्याखाली गेलेली शिट्टी काढताना. "चूळ भरताना कंबर धरली" असं साहेबांना फोनवर सांगायची हिंमत कुणात नसते, म्हणून माणूस तिथे गॅसचा सिलिंडर घुसवतो.

आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यात हा सिलिंडर इतक्यांदा ऐकू येतो, की एवढे सिलिंडर खरंच उचलले जात असते तर निम्म्या महाराष्ट्राची पाठ पहिलवानाची झाली असती. पण मी त्याला खोटं म्हणत नाही. चूळ ही शेवटची काडी असते. बाकीचा भारा आधीच रचलेला असतो, आणि त्यात सिलिंडर असतोच.

पहिल्यांदा चुळीचं बघू. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर आडव्या पडून पाणी पितात आणि फुगतात. त्यामुळे सकाळी उठताना माणूस रात्रीपेक्षा दीडेक सेंटिमीटर उंच असतो. (लग्नाच्या स्थळासाठी उंची मोजायची तर पहाटे मोजावी.) निम्मीअधिक वाढ पहिल्या तासाभरात दबून जाते. तोवर गादी टम्म असते आणि वाकलं की तिच्यावर दिवसातला सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणजे उठल्यावरचा पहिला तास वाकू नये. आणि आपली दिनचर्या बघा: अंथरुणाची घडी, केर, मोरीतून भरलेली बादली ओढणं, पोराच्या बुटाची लेस बांधणं. दिवसभरातलं सगळं वाकणं आपण नेमकं त्या तासात कोंबलेलं आहे. दात घासताना एक हात बेसिनच्या कडेवर टेकवावा, गुडघे जरा सैल सोडावेत, एवढं केलं तरी पुष्कळ. लेस पाय स्टुलावर ठेवून बांधावी. पोराची लेस असेल तर पोराला स्टुलावर ठेवावं.

आता सिलिंडर. घरगुती टाकीत गॅस असतो 14.2 किलो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याशी कोरलेलं असतं, साधारण 15 ते 16 किलो. एकूण 30 धरा. अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने 1991 साली वजन उचलण्याचं जे सूत्र सुधारून दिलं, त्यात सगळं काही मनासारखं असेल तेव्हाची मर्यादा 23 किलो आहे. मनासारखं म्हणजे वजन अंगालगत, मांडीच्या उंचीवर, पकड चांगली आणि कमरेला पीळ नाही. आपल्या ओट्याखाली यातलं काय असतं? दाराची चौकट आडवी येते, पुढ्यात तेलाचा डबा, बाजूला कांद्याची टोपली. टाकी बेंबीपासून हातभर लांब, माणूस अर्धा आत, आणि "जरा डावीकडे घ्या" हा आवाज मागून.

त्या लांबीचा हिशोब एकदा करूनच टाकावा. पाठीच्या कण्याला टेकू समजा. पुढे 40 सेंटिमीटरवर 30 किलोची टाकी. मागे तिला तोलून धरणारे स्नायू कण्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूंना आठपट जोर लावावा लागतो: 240 किलो. गव्हाची जवळपास पाच पोती. वाकलेल्या धडाचं आणि जेवणानंतर उचलत असाल तर त्या जेवणाचं वजन यात धरलेलं नाही. तीच टाकी पोटाला चिकटवून धरली, की अंतर निम्म्यावर येतं आणि त्याबरोबर पोतीही. गॅस घेऊन येणारा माणूस किडकिडीत असूनही चार जिने चढतो, याचं रहस्य हेच. तो टाकी खांद्यावर, कण्याच्या जवळ घेतो. आपण मात्र सदऱ्याला डाग पडेल म्हणून तिला परक्या बाळासारखी लांब धरतो.

मुळात टाकी उचलूच नये. वरची कडी धरून जराशी कलती करावी आणि बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत न्यावी. चाकांचं स्टँड मिळतं, ते घ्यावं. उचलणं भागच असेल तर टाकी दोन पावलांच्या मध्ये आणावी, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे वाकवावेत, बूड मागे ढकलावं आणि टाकी पोटाशी घेऊन उठावं. वळायचं ते पावलांनी. पाय ओट्याकडे, तोंड बाल्कनीकडे आणि हातात टाकी, या पोझमध्ये माणूस हमखास अडकतो.

बूड मागे ढकलणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगून कळत नाही. केरसुणी नको, मॉपचा दांडा घ्या. पाठीला उभा धरा, डोक्याच्या मागे, पाठीच्या मधोमध आणि माकडहाडाच्या जरा वर, असा तीन ठिकाणी टेकलेला. आता वाका. एकाही जागी दांडा सुटला नाही, तर तुम्ही खुब्यातून वाकताय. सुटला तर कमरेतून. बहुतेकांचा दुसऱ्याच इंचाला सुटतो, आणि घरातली माणसं "हे काय चाललंय" म्हणून बघायला येतात. दारं लावून करावं.

इतकं सगळं माहीत असूनही उसण भरतेच. मग आपल्याला प्रथमच कळतं, की पलंगावरून उतरणं ही किती टप्प्यांची गोष्ट आहे. सरळ उठून बसायला जाऊ नये, किंकाळी फुटते. आधी गुडघे उभे करावेत. खांदा, कंबर, गुडघे एकदम, ओंडक्यासारखे कुशीवर वळवावेत. पाय कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपराने, मग तळहाताने गादी रेटून वर यावं. पायांचं वजन खाली जातं, धड आपोआप वर येतं. शिंक आली तर उभं राहावं, एक हात भिंतीला किंवा टेबलाला टेकवावा आणि पाठ गोल न करता शिंकावं. दाबू नये. उसणीच्या दिवसांत शिंकेची चाहूल लागल्यावर माणूस ज्या नजरेने भिंत शोधतो, ती नजर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मग पाहुणे येतात. "हलू नकोस, पंधरा दिवस पडून राहा" म्हणणारे काका पहिले. काकांचा सल्ला केव्हाच मोडीत निघाला आहे. 1986 साली अमेरिकेत काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपवून पाहिलं. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले, बाकी फरक शून्य. 1995 साली हेलसिंकीत त्याच्याही पुढे गेले आणि झेपेल तशी रोजची कामं करत राहणारे झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झालेले आढळले. तेव्हा दर अर्ध्या तासाने घरातल्या घरात चक्कर मारावी. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी घेऊन येणाऱ्या काकू मात्र योग्य मार्गावर आहेत. शेकाने बरं वाटतं. फक्त चटका बसू देऊ नये. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, त्याच्याशी संसार करू नये.

तिसरे येतात ते "एमआरआय काढून घ्या" म्हणत. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासले, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. ती झीज म्हणजे आतले पांढरे केस. रिपोर्ट वाचून मात्र चालता माणूस आडवा होतो.

थट्टा इथे थांबवतो. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, ताप आहे, वजन विनाकारण उतरतंय, किंवा वयस्कर माणूस पडल्यानंतर पाठ दुखतेय, तर काका-काकू दोघांनाही बाजूला करून डॉक्टर गाठावा. पहिल्या तीन गोष्टींत तर त्याच दिवशी, लागलं तर रात्रीच.

उरलेल्या बहुतेकांची उसण काही दिवसांत सैल होते आणि काही आठवड्यांत विसरते. नंतर हात-गुडघे जमिनीला टेकून ओणवं व्हावं आणि उजवा हात नि डावा पाय, मग उलट, असे दहा-दहा सेकंद ताणून धरावेत. कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरावी. रोज, पण सकाळच्या त्या पहिल्या तासात नाही. हे कुणी करत नाही. बरं वाटलं की दांडा पुन्हा मॉपला जातो.

कारण तोवर पायाळू सापडलेला असतो. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसाने कमरेला लाथ लावली की उसण जाते, ही आपल्याकडची सर्वमान्य उपचारपद्धती. हा उपचार गुणकारी असतो, कारण पायाळू शोधण्यातच सात-आठ दिवस जातात. पण पुढचा काळ कठीण आहे. 2000 सालानंतर पायाळू बाळंतपणं बहुतेक ठिकाणी सरळ सिझेरियनने होऊ लागली, आणि पोटातून वरच्या वर काढलेलं मूल पायाळूत धरायचं की नाही, याचा निर्णय कुठल्याच आजीने अजून दिलेला नाही. अस्सल पायाळू आता पंचविशीच्या पुढचेच. आमच्या बिल्डिंगमधले एकमेव तर सत्तरीला टेकलेत. परवा त्यांच्याकडे निरोप गेला, तर वहिनींनी सांगितलं, "ते पडून आहेत हो. पाय उचलत नाहीये. सिलिंडर सरकवायला गेले होते."