नळ्यांचा निर्णय शुद्धीत असतानाच

व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, हे आयसीयूच्या दाराबाहेर विचारलं जातं तेव्हा ज्याच्या श्वासाचा प्रश्न आहे तो माणूस बोलू शकत नसतो. नातेवाईक एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "धाकटा निघालाय तिकडून, तो येईपर्यंत चालू ठेवा." मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो आणि इथल्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या घरी हे वाक्य बोललं गेलं आहे. आमच्या विमानाच्या वेळेवर कुणाच्या तरी वडिलांचे शेवटचे दिवस लांबवले जातात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या वडिलांना काय हवं होतं, हे त्यांना धड असताना कुणी विचारलेलंच नसतं. ते विचारायचं काम आम्हा मुलांचं आहे आणि परदेशात राहणाऱ्यांचं तर जास्तच, कारण शेवटी निर्णय आमच्या नावावर थांबतो.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच इच्छामरणावर जाते. मी नेदरलँड्सचा म्हणून मला हमखास ऐकवलं जातं, "तुमच्याकडे म्हाताऱ्यांना इंजेक्शन देऊन मोकळे होतात म्हणे." तसं नाही. इथला इच्छामरणाचा कायदा 1 एप्रिल 2002 पासून लागू आहे. माणसाने स्वतः, कुणाच्या दबावाशिवाय, पूर्ण विचार करून मागणी करायची. त्याच्या यातना असह्य आणि सुटकेची आशा नसलेल्या असल्या पाहिजेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरने दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं आणि नंतर प्रत्येक प्रकरण समितीपुढे तपासलं जातं. डॉक्टर नाहीही म्हणू शकतो, कारण रुग्णाला तो हक्क म्हणून मिळालेला नाही. 2024 मध्ये अशी 9,958 प्रकरणं नोंदली गेली, देशातल्या एकूण मृत्यूंच्या 5.8 टक्के. म्हणजे बाकीची सगळी माणसं इथेही आपल्यासारखीच, आजाराने आणि वयाने जातात.

मला इथलं जे मोलाचं वाटतं ते या कायद्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. इथे प्रत्येकाचा एक नेमलेला फॅमिली डॉक्टर असतो आणि वय झालं की तो समोर बसून विचारतो: हृदय बंद पडलं तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचं का? न्यूमोनिया झाला तर हॉस्पिटलात जायचं की घरीच राहायचं? आमच्या शेजारच्या आजींनी एकदा गळ्यातली साखळी ओढून मला पदक दाखवलं. एका बाजूला त्यांचा फोटो, जन्मतारीख, सही. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत, मला पुनरुज्जीवित करू नका. त्याच हातांनी त्या बागेतले ट्युलिपचे कंद लावत होत्या. पुढच्या वसंताची तयारी आणि गळ्यातलं ते पदक, दोन्ही एकाच वेळी. जगायचा कंटाळा आलेली बाई नव्हती ती. आपलं मत तिने सांगून ठेवलं होतं, एवढंच.

भारतात असं आधी लिहून ठेवणं बेकायदा आहे असं अजून बरेच सुशिक्षित लोक समजतात. सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे ते जवळजवळ अशक्यच होतं. जानेवारी 2023 मध्ये कोर्टाने अट सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात द्यायची, एकापेक्षा जास्त देता येतात. वेळ आली की हॉस्पिटलमधलं एक आणि त्यावर दुसरं, अशी डॉक्टरांची दोन मंडळं तपासून उपचार थांबवायचे का ते ठरवतात. गोव्यात 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं केलं आणि ही कागदपत्रं सांभाळायला अधिकारी नेमावेत म्हणून कोर्टात पाठपुरावा केला.

तरी मराठी घरांत शांतता आहे. "असलं अभद्र बोलू नये" इथपासून "उद्या पोरं इस्टेटीसाठी याचा फायदा घेतील" इथपर्यंत. ही दुसरी भीती खोटी नाही आणि ती मी उडवून लावणार नाही. पण कागद नसताना काय चालतं तेही बघायला हवं. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचा माणूस नळ्यांवर राहतो. ज्यांचे संपतात ते डामा डिस्चार्जच्या फॉर्मवर सही करून, डॉक्टरांचा सल्ला डावलून नेत असल्याचं लिहून देऊन, धापा टाकणाऱ्या माणसाला अँब्युलन्समधून गावी नेतात. वाटेत ना मॉर्फिन, ना कुणी नर्स. पैशाने घेतलेला हा निर्णय रोज होतो आणि त्याला कुठलंही मंडळ तपासत नाही. मुलांच्या लोभाची भीती असेल तर आईवडिलांनी स्वतःच्या सहीने लिहिणं हाच त्यावरचा बंदोबस्त.

अरुणा शानबाग यांची आठवण इथे येतेच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या या नर्सवर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या कधीच भानावर आल्या नाहीत. 18 मे 2015 ला त्या गेल्या, तोवर केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एका बाजूला त्यांना यातून सोडवा म्हणणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी होत्या आणि दुसऱ्या बाजूला, आम्ही तिला सांभाळतो आहोत, सांभाळू, म्हणणारं केईएम. दोघांचंही त्यांच्यावर प्रेम होतं. कोर्टाने केईएमचं ऐकलं. इतक्या वर्षांत कुणालाच कळू शकलं नाही ती एकच गोष्ट म्हणजे अरुणाताईंचं स्वतःचं म्हणणं. पंचविशीतल्या मुलीने ते कधी आणि कशाला सांगितलं असतं? ऐंशीच्या घरातल्या माणसाला मात्र सांगता येतं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, मी सांगलीच्या घरी, जेवणं आटोपल्यावर विचारलं. आधी आजोबांचे शेवटचे दिवस आठवले, मग हळूच, "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?" ते चिडले नाहीत. निवृत्त शिक्षक, त्यांनी पाठकोरा कागद मागितला आणि मुद्दे काढले. माणसं ओळखत असेन तोवर सगळे उपचार करा. डायलिसिस लागलं तर करा. परत शुद्धीवर येणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर घशात नळी घालू नका, घातली असेल तर काढा. दुखू देऊ नका. शेवटचं त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. खाली त्यांनी एक वाक्य आपणहून घातलं: धाकट्याच्या येण्याची वाट पाहू नये. ते वाचून मी रडलो आणि आप्पा नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या वाक्याने त्यांनी मला केवढ्या ओझ्यातून सोडवलं, हे वेळ येईल तेव्हा मला पूर्ण कळेल.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरने जीव घेण्याची परवानगी आपल्याकडे द्यावी, याच्या मी विरोधात आहे. वेदना थांबवायची सोयच जिथे मोजक्या ठिकाणी आहे, तिथे माणूस मरण मागतो की औषध, हे कळणार कसं? वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं उपशामक केंद्र 1997 पासून. तालुक्याच्या गावी काय? मॉर्फिन आणि घरी येणारी नर्स, यासाठी आपण भांडायला हवं. आणि उपचार नाकारणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध थांबवलं ते सगळ्यांना सांगून, शुद्धीत. तेवढं बळ प्रत्येकात नसेल. स्वतःचं म्हणणं मांडायला तेवढं बळ लागतही नाही.

आईने मात्र लिहायला नकार दिला. "माझं तुम्ही ठरवा, मला नको ते कागद." तिला न ठरवण्याचाही अधिकार आहे, म्हणून मी हट्ट केला नाही. फक्त विचारलं, "तुम्ही म्हणजे नक्की कोण, आई?" तिने मोठ्या मुलाचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. वहिनीचं घेतलं. "ती रोज बघते मला. तिला कळेल." दादा तिथेच बसला होता. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी करीन, पण हे आत्ता सगळ्यांसमोर बोललात तसं लिहून द्या, नाहीतर उद्या मला कुणी विचारणार नाही." त्या एका नावाचा कागद करायला आई तयार झाली. दिवाळीत नोटरीकडे जायचं ठरलं आहे, साक्षीला आईच्या भजनी मंडळातल्या दोघी येणार आहेत.