केकमुळे राजीनामा दिला नव्हता, काका

आमच्या घरच्या ग्रुपवर काल रात्री परत तोच मेसेज आला. २०२२ पासून फिरून राहिला तो, दर सहा महिन्यांनी कोणीतरी वर काढते, यावेळी काकांनी टाकला. मेसेज थोडक्यात असा: "लॉकडाऊनमध्ये वाढदिवसाचा केक कापला एवढ्यासाठी ब्रिटनच्या पंतप्रधानाने राजीनामा दिला. साठ मंत्र्यांनी तत्त्वासाठी खुर्च्या सोडल्या, आणि त्यानेही एका मिनिटात खुर्ची सोडली. याला म्हणतात लोकशाहीचे संस्कार. आपल्या नेत्यांच्या रक्तातच हे नाही."

काका, मला पेपर वाचायची सवय तुम्हीच लावली म्हणून ग्रुपवर नुसतं "चूक आहे" असं लिहून सोडत नाही, एकेक गोष्ट घेतो. मेसेजमधला माणूस म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बोरिस जॉन्सन, आणि ही गोष्ट जुलै २०२२ ची.

आधी तो केक. जून २०२० मध्ये लॉकडाऊनचे नियम चालू असताना त्याच्या वाढदिवसाला डाऊनिंग स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाच्या घर-ऑफिसात, लोक जमले, त्याबद्दल लंडनच्या पोलिसांनी त्याला दंड केला, हे खरं आहे. दंड ५० पौंडांचा, म्हणजे आपल्या पाचएक हजार रुपयांचा, तारीख १२ एप्रिल २०२२. पदावर असताना कायदा मोडल्याबद्दल दंड झालेला तो तिथला पहिला पंतप्रधान. पण त्या दिवशी त्याने राजीनामा दिला का? नाही दिला. माफी मागितली आणि कामाला लागला. अर्थमंत्री ऋषी सुनाक, त्यालाही त्याच कार्यक्रमासाठी तसाच दंड झाला, तोही जागेवरच राहिला. न्याय खात्यातला एक कनिष्ठ मंत्री दुसऱ्या दिवशी गेला, बस. मे महिन्यात सगळा तपास संपला तेव्हा एकूण १२६ दंड निघाले, ८३ लोकांना, सरकारच्या मुख्य ऑफिसांमधले, तरी मंत्रिमंडळातलं कोणी खुर्चीवरून उठलं नाही.

आणि "केक कापला एवढ्यासाठी" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री त्याच डाऊनिंग स्ट्रीटच्या ऑफिसात स्टाफच्या निरोपाच्या दोन पार्ट्या झाल्या, तो स्वतः त्या रात्री तिथे नव्हता, पण ऑफिस त्याचंच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची राणी नवऱ्याच्या अंत्यविधीला नियम पाळून एकटी एका बाकावर बसलेली होती, तो फोटो जगाने पाहिला. त्याच एप्रिलमध्ये आपल्या नागपुरात काय चालू होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आत्याला आपल्यापैकी कोणीच शेवटचं बघू शकलं नाही, तुम्ही घाटाच्या गेटबाहेर दोन तास उभे होते. तिकडच्या लोकांनीही आपली माणसं अशीच गमावली होती, आणि नियम बनवणारेच आत बसून ग्लास भरत होते. त्यांचा राग केकवर नव्हता.

मग पद गेलं कशाने? ख्रिस पिंचर नावाचा खासदार होता, त्याला जॉन्सनने फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षाचा उपमुख्य प्रतोद केला होता, म्हणजे खासदारांची शिस्त बघणारा माणूस. जूनच्या शेवटी लंडनच्या एका क्लबात त्याने दोन पुरुषांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, आणि त्याने ते पद सोडलं. लगेच प्रश्न आला की याच्या जुन्या तक्रारी पंतप्रधानाला माहीत होत्या का. सरकारकडून आधी सांगण्यात आलं की ठोस आरोप माहीत नव्हते, मंत्री टीव्हीवर जाऊन तेच बोलले, आणि ५ जुलैच्या सकाळी परराष्ट्र खात्याचे माजी सर्वोच्च अधिकारी सायमन मॅकडोनाल्ड यांनी जाहीर पत्र लिहिलं की २०१९ मध्येच पंतप्रधानाला स्वतःला याची माहिती दिली गेली होती. संध्याकाळी जॉन्सनला टीव्हीवर माफी मागावी लागली, आणि थोड्याच वेळात आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि सुनाक दोघांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे टाकले. तिथून धरण फुटलं. म्हणजे मूळ दुखणं हे की त्याच्या ऑफिसकडून सांगितलेली गोष्ट त्याचेच मंत्री टीव्हीवर बोलायचे आणि चोवीस तासात तोंडघशी पडायचे, आणि हे महिनोन्महिने चाललेलं होतं.

आता "एका मिनिटात खुर्ची सोडली". हा तर मेसेजमधला सगळ्यात खोटा भाग आहे आणि नेमका हाच लोकांना सगळ्यात जास्त आवडतो.

एक महिना आधी, ६ जूनला, त्याच्याच पक्षाच्या खासदारांनी त्याच्यावर अविश्वासाचं मतदान घेतलं होतं. २११ त्याच्या बाजूने, १४८ विरोधात. आपल्याच पक्षाचे ४१ टक्के खासदार तोंडावर नको म्हणाले तरी तो राहिला. २३ जूनला दोन पोटनिवडणुका हरला, दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाचा अध्यक्ष राजीनामा देऊन गेला, तरी राहिला. ५ जुलैला अर्थमंत्री गेला तर रात्रीतून नदीम झहावी नवा अर्थमंत्री केला, झहावीच्या जागी शिक्षणमंत्री मिशेल डोनेलन केली. ६ जुलैला दिवसभर राजीनामे पडत होते, संसदेत विरोधी बाकांवरून आणि स्वतःच्या बाकांवरूनही जा म्हणत होते, जाविद उभा राहून सभागृहात बोलला की गडबड वरूनच सुरू होते, आणि जॉन्सन सांगत होता की मला २०१९ मध्ये जनतेने भला मोठा कौल दिला आहे, मी काम करत राहणार. संध्याकाळी त्याच्याच मंत्रिमंडळाचे लोक डाऊनिंग स्ट्रीटवर त्याला समजवायला बसलेले, त्यात आदल्या दिवशीच अर्थमंत्री झालेला झहावी पण होता. त्यांचं ऐकून याने काय केलं तर ज्या मायकल गोव्हने जा म्हणून सांगितलं होतं त्यालाच रात्री फोन करून मंत्रिमंडळातून काढलं. डोनेलन ७ जुलैला सकाळी गेली, दोन दिवसही पूर्ण मंत्री नव्हती. झहावीने त्याच सकाळी जाहीर पत्र लिहून पंतप्रधानाला जा म्हटलं.

तेव्हा कुठे ७ तारखेच्या दुपारी तो दाराबाहेर येऊन बोलला, आणि त्यातही चूक झाली असं काही नव्हतं, कळप एकदा निघाला की निघतोच असं काहीसं म्हणाला. आणि सोडलं ते पक्षाचं नेतेपद. पंतप्रधान म्हणून तो ६ सप्टेंबरपर्यंत बसला, दोन महिने. ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी आलेली लिझ ट्रस सात आठवड्यात पडली तर हा सुट्टीवरून धावत परत आला, परत उभं राहायची तयारी केली, आणि मग २३ ऑक्टोबरला माघार घेतली. मला सांगा काका, एका मिनिटात खुर्ची सोडणारा माणूस असा असतो का?

कौलाबद्दल पण बोलतो, कारण "जनतेने निवडलेल्याला मंत्र्यांनी पाडलं" असा उलटा मेसेजही फिरतो. डिसेंबर २०१९ मध्ये पक्षाला ३६५ जागा मिळाल्या, मोठं यश होतं ते, पण तिथे पंतप्रधानाला कोणी थेट मत देत नाही, त्याला मत दिलं ते त्याच्या एका मतदारसंघाने. बाकी कौल त्या ३६५ जणांचा. तेच जर म्हणत असतील की याच्या नावाने आम्ही पुढे जात नाही तर कौल कोणाकडे उरला?

मंत्र्यांनी तत्त्वासाठी खुर्च्या सोडल्या, हे काहींच्या बाबतीत मी मानतो. दोन दिवसात सरकारातले साठच्या आसपास लोक गेले, त्यात कॅबिनेटचे मोजके, बाकी राज्यमंत्री आणि मंत्र्यांना मदत करणारे खासदार, आणि त्यातल्या किती जणांची कामं खरंच चांगली होती ती अर्धी सोडून जाताना त्यांना त्रास झाला असेल. जाविद तर २०२० मध्येही एकदा गेला होता, तेव्हा त्याचे सल्लागार काढायला सांगितले म्हणून. पण सगळ्यांना तत्त्ववादी म्हणता येत नाही. पार्ट्यांचे फोटो निघाले तेव्हा हेच लोक गप्प होते. पोटनिवडणुका हरल्यावर त्यांना आपापली जागा दिसायला लागली. सुनाकने ८ जुलैला, म्हणजे तीन दिवसांत, नेतेपदासाठी उमेदवारी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाला.

आता शेवटचं, रक्त. यासाठीच मी एवढं लिहून राहिलो.

रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये शास्त्रीजींनी मंत्रिपद सोडलं हे शाळेत शिकलो. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं, मराठी माणसाला हे विसरता येईल काय? आणि आपलं नागपूर तर या बाबतीत फार जुनं आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं सरकार इथून चालायचं तेव्हाची गोष्ट, जुलै १९३८. प्रांताचे प्रधानमंत्री (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणायचे) डॉ. ना. भा. खरे, नागपूरचेच. मंत्रिमंडळात महाकोशलचे, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातले मंत्री आणि त्यांचं जमत नव्हतं, तर त्यांनी २० जुलैला दोन मंत्र्यांसह राजीनामा दिला म्हणजे सगळं मंत्रिमंडळ पडेल आणि नवं करता येईल, पण रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी राजीनामे द्यायला नकार दिला. इंग्रज गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ केलं. काँग्रेसच्या श्रेष्ठींनी तीन दिवसात त्यांना परत राजीनामा द्यायला लावला, आणि शुक्ल प्रधानमंत्री झाले. चूक कोणाची यावर नागपुरात पुढे कित्येक वर्षं वाद चालले. मला त्यात दिसतं ते हे की राजीनामे तेव्हाही होते, हट्टही होता, पण नेता राहील की जाईल हे इथल्या आमदारांनी बसून मतदानाने ठरवलं नाही, वरून ठरलं.

फरक तिथे आहे काका, रक्तात नाही. ब्रिटनमध्ये त्या पक्षाचा तेव्हा नियम होता की १५ टक्के खासदारांनी पत्र दिलं की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावंच लागायचं. ६ जूनला १४८ जणांनी नेत्याच्या विरोधात मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकांवर त्याच पक्षात बसले, कोणाची खासदारकी गेली नाही, कोणाला लपून राहावं लागलं नाही. एकदा जिंकला की वर्षभर परत मतदान नाही असाही नियम होता, आणि जुलैमध्ये तो नियमच बदलायची तयारी सुरू झाली, हे त्याला कळत होतं. राजीनाम्यांच्या मागे हा धाक उभा होता.

आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट आहे, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. सभागृहात पक्षाच्या व्हिपच्या विरोधात मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती सवलतही गेली. घोडेबाजार थांबावा म्हणून केलेला कायदा, हेतू चांगलाच होता, पण त्यामुळे नाराज आमदाराला पक्षात राहून नेत्याला नको म्हणायची जागाच उरली नाही, पक्षांनी आपल्या आत ती जागा केली नाही, मग उरतो तो मार्ग आपण पाहिला. तिकडे लंडनमध्ये हे सगळं घडायच्या आठवडाभर आधी, २९ जून २०२२ च्या रात्री, आपले तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला होता, आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस त्यांच्याच पक्षाचे नाराज आमदार सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांत होते. कोण बरोबर कोण चूक यावर आपल्या ग्रुपवर आधीच खूप भांडणं झाली, मला ती परत काढायची नाहीत. मी फक्त दोन चित्रं शेजारी ठेवून राहिलो. नेत्याला नको म्हणायला एका ठिकाणी खासदार एका खोलीत जाऊन चिठ्ठी टाकून आले, दुसऱ्या ठिकाणी दोन हजार किलोमीटर लांब जावं लागलं.

"रक्तात नाही" म्हटलं की विषय संपतो, कोणाला काही विचारायचं राहत नाही, म्हणून तो मेसेज मला चालत नाही. डिसेंबरात अधिवेशनाला सगळे आमदार नागपुरात असतात, तुमची तर दोन-तीन जणांशी चांगली ओळख आहे काका, ते कोणत्याही पक्षाचे असोत. त्यांना एवढंच विचारा की तुमच्या पक्षात आमदारांनी नेता ठरवायला शेवटचं गुप्त मतदान कधी केलं होतं, आणि जे उत्तर देतील ते ग्रुपवर टाका.