बारा नंबरच्या बराकीबाहेर

ऑक्टोबर २०२५मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या कोर्टाने पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सीच्या प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा आनंद काही फार वेळ टिकला नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबरच्या बराकीत त्याला काय काय मिळणार, याची यादी कुणीतरी टाकली. जाड सतरंजी, उशी, पंखा, चोवीस तास डॉक्टर. लगेच मामेभाऊ: "चोर आहे की सरकारचा जावई?" मग मावशी उतरल्या. त्यांच्या शेजारणीला सिव्हिलमध्ये खाट मिळाली नव्हती, दोन रात्री व्हरांड्यात काढल्या होत्या. त्यावर कोण काय बोलणार?

मावशींचा राग रास्त आहे. पण ती यादी चोक्सीचे लाड करायला केलेली नाही, हेही समजून घ्यायला हवं. ती परदेशातल्या न्यायाधीशासाठी केलेली आहे. आरोपीला अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका असेल, तर युरोपातली कोर्टं त्याला परत पाठवत नाहीत. विजय मल्ल्याच्या वेळी २०१८ साली लंडनच्या न्यायाधीशांनी याच बराकीचा व्हिडिओ मागवला होता, आत दिवसाचा उजेड येतो का ते बघायला. नीरव मोदीच्या वकिलांनी त्याच्या नैराश्याचा आणि आत्महत्येच्या धोक्याचा मुद्दा ताणून धरला. भारत सरकारने जागेची, वैद्यकीय सेवेची, मानसोपचारांची लेखी हमी दिली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्याचं अपील फेटाळलं. शस्त्रदलाल संजय भंडारीचं मात्र उलटं झालं. तिहारमध्ये खंडणी आणि मारहाणीचा धोका आहे हे लंडनच्या हायकोर्टाला पटलं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो सुटला. तेव्हा पळालेले परत हवे असतील, तर तुरुंग बरे ठेवावे लागतात. यात दयामाया नंतर येते.

मला खटकतं ते वेगळंच. कैद्याच्या तब्येतीसाठी काय काय लागतं, हे आपल्या सरकारला नीट ठाऊक आहे. सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेलं आहे. फक्त एका बराकीपुरतं.

त्या बराकीबाहेरच्या आर्थर रोडची मंजूर क्षमता वर्षानुवर्षं ८०४ धरली जायची आणि आत माणसं तीन हजारांच्या वर असायची. देशभरातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार लोक होते, जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यातले चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय असे. त्या एका वर्षात ११९ जणांनी तुरुंगात आत्महत्या केली. आणि या पावणेसहा लाखांसाठी मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून किती? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५च्या अहवालात आकडा आहे २५. मी तो दोनदा तपासला, एखादं शून्य गळलं असेल म्हणून.

कायदा नाही असंही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ सांगतं की प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं. आदर्श कारागृह नियमावली म्हणते, तीनशे कैद्यांमागे एक डॉक्टर. कागदावर आपण कुणाला ऐकत नाही. तळोजा तुरुंगात एल्गार परिषद खटल्यातले आरोपी, ८३ वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी यांनी पाणी पिण्यासाठी सिपर मागितला होता. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. त्यांचा सिपर आपल्याकडे नाही, एवढं उत्तर द्यायला तपास यंत्रणेला वीस दिवस मिळाले. जुलै २०२१मध्ये ते जामिनाची वाट बघत वांद्र्याच्या हॉस्पिटलात वारले. त्यांच्याविषयी कुणाचं मत काहीही असो, सिपर ही काही राजकीय मागणी नव्हती.

मी इंग्लंडमध्ये राहतो, पण इथे सगळं आलबेल आहे असं सांगायला मी हे लिहीत नाही. इथलेही तुरुंग तुडुंब आहेत, इतके की सप्टेंबर २०२४मध्ये बऱ्याच कैद्यांना शिक्षेचा चाळीस टक्के भाग भोगून झाल्यावरच सोडावं लागलं. पण एक गोष्ट यांनी वीस वर्षांपूर्वी केली. १९९६ साली तुरुंगांच्या मुख्य निरीक्षकांनीच प्रश्न विचारला होता की आतला माणूस आधी रुग्ण की आधी कैदी. त्यानंतर २००६पर्यंत कैद्यांच्या आरोग्याचा पैसा आणि जबाबदारी तुरुंग खात्याकडून काढून एनएचएसकडे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, दिली गेली. पैसा आरोग्याच्या खात्यात असल्यामुळे भिंत रंगवायची की नर्स नेमायची, असा झगडा एकाच तिजोरीत होत नाही.

आणि तरी अडतंच. मी एका हॉस्पिटलच्या ओपीडीत रिसेप्शनला असतो. अधूनमधून एखादा कैदी येतो. दोन्ही बाजूंना दोन गार्ड, एकाच्या मनगटापासून त्याच्या मनगटापर्यंत लांब साखळी. रक्त काढताना नर्स त्या साखळीवरून वाकून सुई टोचते. मला हे दृश्य आता नवं नाही. त्याहून जास्त वेळा मी बघतो ती रिकामी खुर्ची. सकाळी फोन येतो, आज सोबत पाठवायला माणसं नाहीत, पुढची तारीख द्या. नफील्ड ट्रस्ट या इथल्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या अभ्यासात कैद्यांच्या दहातल्या चार ओपीडी भेटी हुकलेल्या आढळल्या. डॉक्टर आहे, यंत्र आहे, औषध आहे, पेशंटला आणायला माणूस नाही.

हे वाचून मुंबईतला कुठलाही फौजदारी वकील हसेल. "गार्ड मिळाला नाही" हे वाक्य त्याच्या कानाला सवयीचं आहे. जे.जे.ची तारीख ठरलेली, पोलीस मुख्यालयाकडून गार्ड आला नाही, तारीख गेली. बंदोबस्त, सण, मंत्र्यांचा दौरा, कारण काहीही पुरतं. म्हणून तुरुंगातल्या आरोग्यासाठी निधी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी नवी इमारत येत नाही. फीत कापायला ती बरी. मला दिसतात चार पोलीस आणि एक गाडी, जी दुसऱ्या कुठल्याच कामाला काढून घेता येणार नाही.

मावशींच्या प्रश्नाला बगल द्यायची नाहीये. बाहेरच्या गरिबाला खाट नाही, मग कैद्याला का? बाहेरच्या माणसाचे हाल होतात, पण तो कर्ज काढतो, दागिना मोडतो, दुसऱ्या दवाखान्यात जातो. आतल्याला स्वतःच्या पैशाने क्रोसिनही आणता येत नाही, कारण दाराची किल्ली सरकारकडे आहे. शिवाय बराकीतला क्षय जामीन झाल्यावर कुठे जातो? चाळीत, लोकलमध्ये, घरी लेकरांत. मावशींच्या शेजारणीची सिव्हिलमधली खाट कैद्याने अडवलेली नाही. दोघांनाही एकाच कंजूष तिजोरीने ताटकळत ठेवलंय, आणि ग्रुपवर भांडण मात्र या दोघांचं लागतं.

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात कैद्यांच्या आरोग्याचा पैसा गृहखात्याच्या पोटात न ठेवता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या नावाने वेगळा दाखवावा, आणि हॉस्पिटलच्या गार्डचा खर्च त्यातच धरावा. एवढं झालं तर विधिमंडळात कुणीतरी विचारू तरी शकेल की यंदा किती भेटी हुकल्या. माणसंही अगदीच नाहीत असं नाही. कोविडनंतर बऱ्याच तारखा व्हिडिओवर होऊ लागल्या, कैद्यांना कोर्टात न्यायच्या फेऱ्या तेवढ्या वाचल्या. त्या वाचलेल्या फेऱ्यांतल्या थोड्या जे.जे.कडे, ससूनकडे, नागपूरच्या मेडिकलकडे वळवायला नवा कायदाही लागत नाही, गृहखात्याचा एक आदेश पुरतो.