खुलासा : ‘दोन टक्के’ सीएसआरच्या मेसेजबद्दल

‘प्रत्येक कंपनीने उलाढालीच्या २ टक्के रक्कम गावातल्या संस्थांना दिलीच पाहिजे, नाही दिली तर तक्रार करा,’ असा सीएसआरबद्दलचा (म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाबद्दलचा) मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ उघडून बघा. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी आकडा गाठलेल्या कंपनीलाच हे बंधन आहे. आणि २ टक्के उलाढालीचे नव्हेत, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदा सांगतो. पण ठराविक संस्थेचा त्यावर हक्क नसतो. काम कोणतं, कोणामार्फत, हे संचालक मंडळ ठरवतं.

संस्थांची खरी अडचण कागदांची असते. कंपनीने स्थापन न केलेल्या संस्थेला साधारणपणे १२ए, ८०जी (संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना करसवलत देणाऱ्या आयकर खात्याच्या नोंदण्या) आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा फॉर्म, त्यावर संस्थेची डिजिटल सही आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची पडताळणी. या फॉर्मवरून मिळणारा नोंदणी क्रमांक नसेल तर चांगला प्रस्तावही तिथेच अडकतो, याचं फार वाईट वाटतं.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलाय, तिथे हा खुलासा टाका.