‘छाटणी’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘खारा वारा’ या नावाने लिहिणारे वाचक,

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या लेदर कोरलवरच्या (हे एक मऊ प्रवाळ) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत म्हणजे लेख वाचलात, त्याबद्दल आभार.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मे महिन्यात आम्ही चार दिवस लग्नाला गेलो, टॉप-अपचा फ्लोट स्विच (आटलेल्या पाण्याची भर घालायला पातळी बघणारा तरंगता खटका) अडकला, पंख्यांमुळे टाकीतलं पाणी आटलं आणि सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, नेहमीच्या १.०२६ वरून १.०३० वर गेली. लेदर कोरल मान टाकून बसलं. मी त्याचा नासलेला भाग कापला आणि ते वाचलं. यावर तुमचं म्हणणं असं: रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) मी आरओच्या पाण्यावर जुळवतो ते चूक, सॅलिनिटी उतरवणं, कापणं, आयोडीन आणि कार्बन हे सगळं दोन दिवसांत उरकलं, तेव्हा कोरल नक्की कशाने वाचलं हे मला सांगताच येणार नाही, फ्लोट का अडकला ते मी लिहिलंच नाही. आणि शेवटी, जसंच्या तसं, ‘द्राक्षाची छाटणी समजून कोरलवर ब्लेड चालवणं नाशिककरालाच सुचू शकतं.’

पहिला मुद्दा मान्य. शुद्ध पाण्यावर शून्य बरोबर जुळलं तरी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ, म्हणजे समुद्राएवढं खारट) आसपास फरक पडू शकतो. ३५ पीपीटीचं द्रावण मागवलं आहे. माझं १.०३० हे कदाचित १.०२९ असेल. १.०२६ नव्हतं, एवढं नक्की.

आता छाटणी.

अहो, हे वाक्य टाइप करताना गालातल्या गालात हसला असाल ना? तुमच्या गॅलरीतून दर्या दिसत असेल, चांगलं आहे. पण तुमच्या टाकीत काही भरतीचं पाणी येत नाही. तुम्हीही बादलीत मीठच कालवता आणि मीही. माझं पाणी आरओमधून गाळलेलं गंगापूर धरणाचं, एवढाच काय तो फरक. समुद्रकाठी राहण्याने कोरल कळत असतं तर प्रत्येक भेळवाल्याकडे रीफ टँक असती.

आणि हो, छाटणीवरूनच सुचलं. त्यात लाज कसली? दिंडोरी तालुक्यातल्या बागेत वाढलोय मी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळेला शाळेला दांडी. एका वर्षी पावसाने मुक्काम ठोकला, काड्यांवर करप्याचे डाग दिसले आणि वडील म्हणाले, बघू अजून आठ दिवस. आठ दिवसांनी कातर हातात घेतली तेव्हा दोन काड्यांऐवजी अख्खा ओलांडा (वेलीची आडवी मुख्य फांदी) काढावा लागला. त्या जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायचं काम माझ्याकडे. बोटं मोरचुदाने निळी. त्याच मोरचुदातलं तांबं कोरलला आणि कोळंबीला विष असतं, म्हणून आजही बागेतून आलो की कोपरापर्यंत दोनदा हात धुतल्याशिवाय टाकीला हात लावत नाही. बागेतून कातर आणायची आणि पेस्ट तिथेच ठेवून यायची, एवढं आम्हा नाशिककरांना कळतं, साहेब.

तुम्ही सरळ धरून चाललात की कोरल कात टाकत होतं आणि मी घाबरलो. अकरा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे घरात. कात टाकणारं लेदर मला नवीन नाही. पॉलिप (अंगावरची बारीक फुलांसारखी तोंडं) आत ओढून घेतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतं, आठ-दहा दिवस रुसतं. प्रवाह जरा वाढवला की पापुद्रा सुटून वाहून जातो. पण देठ ताठ असतो. या वेळी देठाच्या बुडाशी शर्टाच्या बटणाएवढा काळपट खड्डा होता, संध्याकाळी तो अंगठ्याएवढा झाला. बोट लावलं तर रुतलं. पाण्याबाहेर काढलं तेव्हा नासक्या अंड्याचा वास असा सुटला की आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातून विचारलं, काय मेलं?

या कोरलला दगडी सांगाडा नसतो, मांसातच चुन्याचे बारीक कण असतात. निरोगी भागात ब्लेड घातलं की ते करकर लागतं, पेरूच्या बिया दाताखाली याव्यात तसं. नासलेल्या भागात ब्लेड दह्यात जावं तसं गेलं. ती करकर पुन्हा हाताला लागेपर्यंत मी कापत गेलो आणि तिथे थांबलो. हे कुठल्या टेस्ट किटवर दिसतं, कळवा. मी विकत घेतो.

चार उपाय एकदम केल्याबद्दल. प्रयोगशाळेत असतो तर एकेक करून पाहिला असता. घरात पेशंट झोपलेला असताना औषधांची परीक्षा कुणी घेत नाही. कार्बन तर टाकावाच लागतो, कापलेलं लेदर पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं. आणि सॅलिनिटी मी दोन नाही, तीन दिवसांत उतरवली. लेखात तसं लिहिलं आहे. टीका करण्याआधी निदान आकडा तरी नीट वाचायचा.

जाता जाता कायद्याचाही टोला मारलात. दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे ते नाही, कधी नव्हतं. लेदर हे मऊ कोरल, हे लेखाच्या पहिल्या ओळीत आहे.

कापून उरलेला वरचा भाग रबरबँडने दगडावर बांधला होता, तो आता धरलाय. कालपासून पॉलिप निम्म्याच्या वर बाहेर आहेत. फोटो टाकणार होतो, पण तुम्ही त्यातही दिंडोरीचं वाण शोधाल.

राहिला फ्लोट स्विच. तो साफ करून परत बसवला आहे, त्यात लेख लिहिण्यासारखं काही नव्हतं. (काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर उघडला. आत गोगलगाय होती.)